गाडी सुरू होत नाहीये? नवी बॅटरी घेण्याआधी तिचा आवाज नीट ऐका!

सकाळची घाई, ऑफिसला उशीर झालेला, आणि नेमकी त्याच दिवशी गाडी सुरू होत नाही! चावी फिरवली की नुसतं घुर्र-घुर्र होतं आणि पुन्हा शांतता. अशा वेळी आजूबाजूला जमलेल्यांपैकी एकजण हमखास म्हणतो, "बॅटरी गेली, बदलून टाका."

काही हजार रुपये मोजून नवी बॅटरी बसते, आणि आठवड्याभरात गाडी पुन्हा तिथेच अडते! कारण दोष बॅटरीत नव्हताच. तो नेमका कुठे आहे याचा पहिला सुगावा गाडी स्वतःच देत असते, तोही आवाजातून.

आधी एवढं तपासा

ऑटोमॅटिक गाडीचा गिअर 'पी' किंवा 'एन'वर आहे का? बटन स्टार्टची गाडी असेल तर ब्रेक किंवा क्लच पूर्ण दाबलाय का? 'चावी सापडत नाही' असा मेसेज येत असेल, तर चावीतला छोटा सेल संपलेला असू शकतो. बऱ्याच गाड्यांमध्ये अशा वेळी चावी थेट स्टार्ट बटनाला टेकवून बटन दाबलं की काम होतं.

१. नुसती 'कट-कट' किंवा काहीच आवाज नाही

इंजिनाला पहिला फेरा देणारी विजेची मोटर म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेतला 'सेल्फ'. पूर्वी गाड्या हँडल मारून सुरू कराव्या लागत. १९१२ साली कॅडिलॅक कंपनीने आपल्या गाड्यांना विजेवर चालणारा 'सेल्फ स्टार्टर' दिला, आणि त्यातला 'सेल्फ' हा शब्द आपल्याकडे आजही टिकून आहे.

या मोटरला एकदम खूप करंट लागतो. म्हणून हेडलाइट लावून सेल्फ मारून पाहा. लाइट एकदम मंद झाले किंवा विझले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचं कनेक्शन सैल आहे. लाइट तसेच प्रखर राहिले आणि फक्त एक 'कट' ऐकू आली, तर संशय सेल्फवर किंवा त्याच्या वायरिंगवर घ्यावा.

बॉनेट उघडून बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर जमलाय का तेही बघा. एवढ्या थरामुळेही करंट अडतो. गाडी बंद ठेवून, आधी काळी आणि मग लाल वायर काढा. हातमोजे घालून, गरम पाण्यात खाण्याचा सोडा मिसळून जुन्या ब्रशने टर्मिनल घासा. पुसून कोरडं केल्यावर आधी लाल, मग काळी वायर घट्ट बसवा. कित्येकदा गाडी एवढ्यावरच सुरू होते.

२. इंजिन फिरतं, पण अगदी जड-जड

ही बॅटरी कमकुवत झाल्याची खूण. मल्टिमीटर असेल तर उत्तर लगेच मिळतं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ किंवा त्याखाली असेल, तर ती जवळपास रिकामी आहे.

खरी मेख पुढे आहे. कशीबशी गाडी सुरू झाली की पुन्हा मोजा. आकडा साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असेल, तर अल्टरनेटर म्हणजे बॅटरी चार्ज करणारा 'डायनॅमो' ठीक आहे. आकडा १२ च्या आसपासच राहिला, तर चार्जिंगच होत नाहीये. अशा गाडीत नवी बॅटरी टाकली, तरी तीही उतरणारच! गाडी चालू असताना डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा दिसणं हीसुद्धा त्याचीच सूचना.

३. सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी स्टार्ट होत नाही

इथे बॅटरीला दोष देऊ नका. इंजिनाला इंधन किंवा स्पार्क मिळत नाहीये. चावी 'ऑन' केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते का? तो पेट्रोलचा पंप. आवाज नसेल तर पंप किंवा त्याचा फ्यूज तपासायला सांगा.

सीएनजीवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बहुतेक सीएनजी गाड्या सुरू पेट्रोलवर होतात आणि मग गॅसवर जातात. टाकीत पेट्रोलच नसेल, तर सिलिंडर भरलेला असूनही गाडी अडते. डिझेल गाडीत थंडीच्या दिवसांत चावी ऑन करून गुंडाळीसारख्या चिन्हाचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबावं, मगच सेल्फ मारावा.

जंपर केबल लावताना क्रम चुकवू नका

लाल केबलचं एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळ्या केबलचं एक टोक चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे तिच्याजवळ ठिणगी उडणं धोक्याचं असतं. काढताना क्रम बरोबर उलटा.

या चुका टाळा

सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा, नाहीतर मोटर तापून जळू शकते. धक्का मारून फक्त मॅन्युअल गिअरची गाडी सुरू होते. तीही बॅटरीत थोडा जीव असेल तरच, कारण आजच्या गाड्यांत पंप आणि कॉम्प्युटर विजेवरच चालतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पावसात साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, तर सेल्फ अजिबात मारू नका! इंजिनात पाणी शिरलेलं असेल तर आतले भाग वाकतात आणि खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुधा धरलं जात नाही. अशी गाडी टो करूनच गॅरेजला न्यावी.

बाकी वेळी मेकॅनिकला फोन करताना फक्त "गाडी बंद आहे" एवढंच सांगू नका. सेल्फ फिरतो का, लाइट मंद होतात का, आवाज कसा येतो हे सांगा. त्याचा वेळ वाचेल, आणि तुमचे पैसेही!