द्विविवाहप्रतिबंधक कायदा, मुंबई

पती किंवा पत्नी हयात असताना आणि पहिला विवाह कायदेशीर रीत्या संपुष्टात आलेला नसताना केलेल्या दुसऱ्या विवाहास द्विविवाह म्हणतात. हिंदूंमधील असे विवाह शून्य व दंडनीय ठरविणारा अधिनियम मुंबई प्रांताच्या विधिमंडळाने १९४६ मध्ये संमत केला (१९४६ चा २५ वा). त्यानंतर मद्रास (१९४९) व सौराष्ट्र (१९५०) येथेही तशा स्वरूपाचे कायदे झाले.

पहिली पत्नी असताना दुसरी करण्यास धर्मशास्त्रात ‘अधिवेदन’ अशी संज्ञा आहे. मनुस्मृतीने त्यासाठी काही कारणे व मुदती सांगितल्या आहेत; उदा., वंध्या स्त्रीच्या बाबतीत आठवे वर्ष, तर केवळ कन्याच होणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत अकरावे वर्ष. अशा प्रसंगी पहिल्या पत्नीस द्यावयाच्या धनास ‘आधिवेदनिक’ म्हणत व त्याची गणना स्त्रीधनात होई. ब्रिटिश अमदानीतील न्यायालयांनी मात्र ही कारणे बंधनकारक मानली नाहीत. परिणामी हिंदू पुरुषास पत्नीच्या संमतीवाचून कितीही विवाह करण्याची मुभा राहिली. भारतीय दंडसंहितेचे (१८६०) ४९४ वे कलम दुसरा विवाह शून्य असेल तरच लागू होई. त्यामुळे ते हिंदू स्त्रीस लागू पडे, हिंदू पुरुषास नाही. मुंबईतील पारशी समाजात १८६५ च्या विवाहविषयक अधिनियमानेच एकपत्नीकत्व बंधनकारक झाले होते.

मुंबईच्या अधिनियमाने ही विषमता दूर केली. दुसरा विवाह करणाऱ्याबरोबरच तो लावणारे व त्यास साहाय्य करणारेही शिक्षेस पात्र ठरले. त्याच वर्षीच्या एका केंद्रीय अधिनियमाने, पतीने दुसरा विवाह केल्यास हिंदू पत्नीस स्वतंत्र निवास व पोटगी मागण्याचा हक्क मिळाला. पुढे १९४७ मध्ये मुंबईत हिंदू घटस्फोटाचाही कायदा झाला.

संविधान अंमलात आल्यावर या अधिनियमास आव्हान देण्यात आले. मुंबई राज्य विरुद्ध नरसू अप्पा माळी या खटल्यात (१९५१) हिंदूंपुरताच हा निर्बंध असल्याने समानतेचा भंग होतो व पुत्रप्राप्तीसाठी दुसरा विवाह हा धर्माचा भाग आहे, असे मुद्दे पुढे आले. मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला व न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी ते फेटाळून अधिनियम वैध ठरविला. श्रद्धेस संरक्षण असले, तरी आचरणावर समाजहितार्थ निर्बंध घालता येतो, तसेच दत्तकविधानाचा मार्ग उपलब्ध आहे आणि समाजसुधारणा टप्प्याटप्प्याने करण्याची राज्यास मुभा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. श्रद्धा व आचरण यांतील भेद सांगताना अमेरिकेतील मॉर्मन पंथीयांविषयीच्या निर्णयाचा आधार घेण्यात आला.

मॉर्मन पंथाने १८५२ मध्ये बहुपत्नीकत्वाचा जाहीर पुरस्कार केला होता. अमेरिकी काँग्रेसने १८६२, १८८२ व १८८७ मध्ये त्याविरुद्ध कायदे केले. अनेक पुरुषांना कारावास झाला, पंथसंस्थेची मालमत्ता जप्त झाली आणि यूटा प्रदेशातील स्त्रियांना १८७० मध्ये मिळालेला मताधिकार १८८७ मध्ये काढून घेण्यात आला. १८९० मध्ये पंथप्रमुख विल्फर्ड वुडरफ यांनी अशा विवाहांचा त्याग जाहीर केला व १८९६ मध्ये यूटास राज्याचा दर्जा मिळाला. तेथे निर्बंध बाहेरून लादला गेला. मुंबईत तो प्रांतिक विधिमंडळाने केला. मात्र दोन्हीकडे ज्या स्त्रियांच्या हिताचे कारण पुढे केले जाई, त्यांच्या वाट्यास कायद्याचे ओझेही आले.

हिंदू विवाह अधिनियमाने (१९५५) एकविवाहाचे तत्त्व देशभर लागू केले व मुंबईचा अधिनियम निरसित झाला. तथापि भाऊराव लोखंडे खटल्यात (१९६५) सर्वोच्च न्यायालयाने, दुसरा विवाह आवश्यक विधींसह लागल्याचे सिद्ध झाल्याखेरीज गुन्हा घडत नाही, असा निर्णय दिला. विधी अपुरे ठेवून लावलेल्या विवाहात पती त्यामुळे शिक्षेतून सुटू शकतो, तर पहिल्या पत्नीस होम व सप्तपदी झाल्याचा पुरावा जमविणे अवघड जाते. दुसऱ्या स्त्रीची स्थिती याहून बिकट असते. तिचा विवाह शून्य असल्याने तिला पत्नी म्हणून पोटगी मागता येत नाही, असे १९८८ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात ठरले. पहिला विवाह लपवून फसविल्या गेलेल्या स्त्रीस पोटगीसाठी पत्नी मानावे, असा निर्णय २०१३ मध्ये झाला. १९७६ च्या दुरुस्तीनंतर अशा संबंधांतील अपत्ये औरस मानली जातात. पहिला विवाह टिकून असताना केवळ धर्मांतर करून केलेला दुसरा विवाहही १९९५ च्या निर्णयानुसार गुन्हा ठरतो. १ जुलै २०२४ पासून द्विविवाहाची तरतूद भारतीय न्यायसंहितेच्या ८२ व्या कलमात आहे. प्राचीन शास्त्राने अधिवेदनाची मुभा देताना पहिल्या पत्नीस धन देवविले होते. आधुनिक कायद्याने ती मुभा काढून घेतली. परंतु द्विविवाह घडून गेल्यावर दोन्ही स्त्रियांच्या निर्वाहाची व्यवस्था त्याला न्यायनिर्णयांच्या आधारे हळूहळूच करता आली.