सायकलचे सुटे भाग: समज आणि खरी गोष्ट

तुळजापूर तालुक्यातलं जळकोट नळदुर्गहून उमरग्याकडे जाताना राष्ट्रीय महामार्ग ६५ वर लागतं. सोलापूर-हैदराबाद वाहतूक याच रस्त्याने चालते, त्यामुळे माल गावात पोचण्याची अडचण नाही. तरीही अशा गावात चार जणांनी एकत्र येऊन, मजुरी न घेता, शाळकरी मुलामुलींच्या सायकली दुरुस्त करायचं मनावर घेतलं, तर पहिल्याच बैठकीत प्रश्न निघतो: सुटे भाग आणायचे कुठून? त्यामागोमाग सल्लेही येतात. कुणी म्हणतं इथे काही मिळत नाही, कुणी म्हणतं थेट कारखान्यातून मागवा, कुणी म्हणतं भंगार गोळा करा म्हणजे झालं. यातलं बरंचसं ऐकीव असतं. हौशी माणसं आणि हत्यारं दोन्ही असूनही सायकली पडून राहतात, त्या अशा ऐकीव समजांमुळे. म्हणून ते तपासून घेतलेले बरे.

विषय छोटा वाटेल, पण तो मुलींच्या शाळेचा आहे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुके येतात. तिथे शाळेपासून ५ किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या, आठवी ते बारावीतल्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळतं. २०२२ मध्ये ते ३,५०० रुपयांवरून ५,००० रुपये झालं. बिहारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. त्याचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी केला. माध्यमिक शाळेतली मुलींची पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलगे-मुलींमधलं अंतर ४० टक्क्यांनी घटलं, असं त्यांना आढळलं. सायकल एवढं करू शकते, पण ती चालत राहिली तर. अनुदान खरेदीचं असतं. पुढे चाकातला कोन झिजला, तारा तुटल्या, चेन सुटू लागली, की तो खर्च घरावर येतो आणि पेरणीच्या दिवसांत सायकलचा नंबर शेवटी लागतो. फुकट दुरुस्तीचं काम मोलाचं ठरतं ते इथे.

“२६ इंची टायर द्या”

सगळ्यात जास्त पैसे आणि हेलपाटे वाया जातात ते या एका वाक्याने. २६ इंची म्हणून विकले जाणारे टायर एकाच रिमवर बसतात, असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. प्रत्यक्षात हा आकडा फुगवलेल्या टायरच्या बाहेरच्या व्यासाचा, तोही ढोबळ. टायर बसतो तो रिमच्या काठावर, आणि तो व्यास प्रत्येक प्रकारात वेगळा असतो. लेडीज सायकलला सर्रास दिसणारा २६ × १-३/८ हा टायर ५९० मिलिमीटरच्या रिमचा. २६ × १-१/२ हा ५८४ मिलिमीटरचा. जाड नक्षीचा, डोंगरी धाटणीच्या सायकलीचा २६ × १.९५ किंवा २६ × २.१२५ हा ५५९ मिलिमीटरचा. म्हणजे नाव एकच, आणि पहिल्या-शेवटच्यात ३१ मिलिमीटरचा फरक.

यात अपूर्णांक आणि दशांश हा आणखी एक चकवा. शाळेच्या गणितात १.७५ आणि १-३/४ एकच. टायरवर मात्र २६ × १.७५ हा ५५९ मिलिमीटरच्या रिमचा असतो आणि २६ × १-३/४ हा ५७१ मिलिमीटरच्या. एकाच्या जागी दुसरा मागवला तर तो बसणार नाही. जुन्या दणकट २८ इंची सायकलीचा टायर ६३५ मिलिमीटरचा. हल्लीच्या बारीक चाकांच्या सायकलींवर ७००सी लिहिलेलं असतं, तो ६२२ मिलिमीटरचा. दिसायला दोन्ही चाकं एकाच उंचीची, पण टायर एकमेकांना चालत नाहीत.

उपाय सोपा आहे. बऱ्याच टायरच्या कडेला उठावदार अक्षरांत ३७-५९० किंवा ४०-६३५ अशी जोडी असते. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा रिमच्या काठाच्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. फोनवर मागणी देताना हीच जोडी वाचून दाखवावी. अक्षरं झिजली असतील तर इंचातलं पूर्ण माप अपूर्णांकासकट सांगावं. नुसतं “सव्वीसचा द्या” म्हटलं तर दुकानदार त्याच्याकडे जो जास्त खपतो तो देणार, आणि त्यात त्याची चूक नाही.

हीच गोष्ट बारीक भागांची. पुढच्या चाकात बहुधा ३/१६ इंची छर्रे असतात, मागच्या चाकात आणि क्रँकच्या एक्सलवर १/४ इंची, पॅडलमध्ये ५/३२ इंची. कॉटर पिन ९ मिलिमीटरची असते तशी साडेनऊचीही असते. ठोकून बसवलेली चुकीची पिन चार दिवसांत क्रँक खिळखिळी करते. एक्सलचे आटे जुन्या धाटणीच्या सायकलींत इंचाच्या हिशेबाचे, तर नव्या बऱ्याच सायकलींत मिलिमीटरचे. ३/८ इंची एक्सल म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. त्यावर १० मिलिमीटरचा नट ढिलाच राहतो, आवळला की सरकतो आणि आटे खातो. साध्या सायकलीची चेन १/८ इंच रुंदीची, गिअरवालीची ३/३२ इंच किंवा त्याहून अरुंद. ब्रेकचंही तसंच: रॉड ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या अंगाला दाबतात, वायर ब्रेकचे बाजूला. रॉड ब्रेकच्या रिमला बाजूची सपाट पट्टीच नसते, म्हणून तिथे वायर ब्रेक बसवून उपयोग नाही.

माझ्या मते अशा फुकट दुरुस्ती केंद्राने पहिला खर्च भागांवर करूच नये. एक बरा व्हर्निअर, स्टीलची फूटपट्टी आणि एक वही घ्यावी. येणाऱ्या प्रत्येक सायकलीचं टायरचं माप, तारांची लांबी आणि संख्या, एक्सलचे आटे, ब्रेकचा प्रकार लिहून ठेवावा. जुन्या काळ्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असत, आता दोन्हीकडे ३६ असलेल्या पुष्कळ दिसतात. एका शाळेतल्या सायकली वहीत उतरल्या की नेमका कोणता माल ठेवायचा ते कळतं. एरवी एकदाच बसणारा भाग वर्षभर फळीवर पडून राहतो.

“ती कंपनी बंद पडली, आता भाग मिळणार नाहीत”

अॅटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी, थांबला. त्या बातमीनंतर हा समज आणखी पक्का झाला. पण सायकल हे मोटारीसारखं यंत्र नाही. साध्या सायकलीचे बहुतेक भाग कंपनीचे नसतात, मापाचे असतात. फ्रीव्हीलचे आटे १.३७ इंच व्यासाचे आणि इंचाला २४, हे माप जगभर चालतं. अॅटलसच्या मागच्या चाकावर दुसऱ्या कुणाचंही त्याच आट्यांचं फ्रीव्हील बसतं. कंपनीचं नाव लागतं ते रंगासाठी, चेनकव्हरच्या आकारासाठी आणि एखाद्या खास फ्रेमच्या भागासाठी. त्यामुळे दुकानात जाताना कंपनीचं नाव सांगण्याआधी काढलेला भाग खिशात घेऊन जावा.

“थेट लुधियानाहून मागवू, स्वस्त पडेल”

देशातल्या सायकल उत्पादनाचा मोठा हिस्सा लुधियानात आहे, हे खरं. फाळणीच्या काळात पश्चिम पंजाबातल्या कमालियाहून आलेले मुंजाल बंधू तिथे आधी सायकलचे सुटे भागच विकत होते. पूर्ण सायकल बनवणारी त्यांची हिरो सायकल्स १९५६ सालची. आजही या शहरात छोटे-मोठे कारखाने केवळ एकेक भाग बनवतात: कुणी फक्त पॅडल, कुणी फक्त हब, कुणी फक्त चेन.

पण त्यांचा माल सुटा निघत नाही. तो ग्रोसच्या किंवा पेटीच्या हिशेबाने जातो, आणि एक ग्रोस म्हणजे १४४ नग. दीडशे कॉटर पिना एखाद्या केंद्राला वर्षानुवर्षं पुरतील. वर दीड हजारांहून जास्त किलोमीटरचं भाडं, खराब निघालेला माल परत करण्याची अडचण, आणि सगळ्यात मोठी गोष्ट, एका मापात केलेली चूक १४४ वेळा भोवते. जळकोटसाठी पहिला ठोक बाजार सोलापूरचा. तिथला व्यापारी लुधियानाची पेटी फोडून डझनावर माल देतो, नमुना दाखवला तर जोडीचा भाग शोधून देतो, आणि पार्सल महामार्गाने गावापर्यंत येतं. जी एक-दोन वस्तू सोलापुरात नसेल, उदाहरणार्थ गिअरच्या सायकलीची अरुंद चेन, ती पुण्याहून किंवा ऑनलाइन घ्यावी. ट्यूब मात्र हातात घेऊन, व्हॉल्व्ह बघून घ्यावी. साध्या सायकलीच्या जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हला आत छोटी रबरी नळी लागते, तर जाड टायरच्या बऱ्याच सायकलींना मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह असतो. पंप वेगळा, रिमचं भोकही वेगळं.

“जीएसटी नंबर नसेल तर ठोक दराने मिळत नाही”

कायदा असं म्हणत नाही. नोंदणी नसलेल्यालाही व्यापारी बिल देऊ शकतो. बिल ५०,००० रुपये किंवा त्याहून जास्त असेल तर त्यावर ग्राहकाचं नाव-पत्ता लिहावा लागतो, एवढंच. जीएसटी नंबर असलेल्याला भरलेल्या कराची वजावट मिळते, नसलेल्याला नाही. दर किती द्यायचा हा व्यापाऱ्याचा निर्णय, आणि तो नंबर बघून नाही, मालाची संख्या आणि रोख पाहून ठरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. सायकलचे टायर-ट्यूब आधीपासूनच ५ टक्क्यांत होते. तेव्हा जुन्या दराने लावलेलं बिल कुणी पुढे केलं तर विचारावं.

“जुन्या सायकली गोळा केल्या की सगळे भाग त्यातून निघतील”

निघतात, पण सगळे नाहीत. रिम, हब, क्रँक, मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, हँडल हे नीट तपासून परत वापरता येतात. पुढच्या चाकाचा चिमटा किंचितही वाकलेला असेल तर तो भंगारातच जावा, सरळ करून मुलांच्या सायकलीला लावू नये. ज्याचा जीव झिजण्यात आहे ते सगळं नवंच लागतं: ब्रेकचे रबर आणि वायर, छर्रे, कॉटर पिन, भेगा गेलेला टायर, ट्यूब. छर्रे निवडून वापरायचा मोह होतो, पण एकाच वाटीत दोन-चार कमी झिजलेले आणि बाकी जास्त झिजलेले आले की सगळा भार मोठ्या छर्ऱ्यांवर येतो आणि कोन खड्डे पडून खराब होतो. चेन मोजावी. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. त्याच कड्या सव्वाबारा इंचांकडे झुकू लागल्या, १/८ इंचाने जरी वाढल्या, तरी चेन काढावी. अशा चेनने फ्रीव्हीलचे दातही खाल्लेले असतात, म्हणून तेही बघावेत.

सायकल देणाऱ्यालाही एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी: वस्तू दिल्यावर प्राप्तिकरात सूट मिळत नाही. ती पैशाच्या देणगीला आणि नोंदणीकृत, मान्यता असलेल्या संस्थेलाच.

“गावातला मिस्त्री आपल्या विरोधात जाईल”

हा समज मला सगळ्यात घातक वाटतो, कारण त्यामुळे लोक मिस्त्रीला टाळतात आणि हाताशी असलेला पुरवठादार गमावतात. गावातल्या सायकल दुकानदाराला सोलापूरचा कोणता व्यापारी खरा माल देतो ते माहीत असतं. कोणत्या बनावटीच्या तारा पावसाळ्यात गंजतात आणि कोणती ट्यूब बाभळीच्या काट्याने लगेच जाते, हेही. त्याच्या नावावर उधारी चालते. नव्या केंद्राला पहिली काही वर्षं उधारी कुणी देत नाही, आणि त्यात वावगं काही नाही.

वर्ल्ड बायसिकल रिलीफ ही २००५ साली सुरू झालेली संस्था आफ्रिकेत ‘बफेलो’ नावाची दणकट सायकल पुरवते. नुसत्या सायकली वाटून काम भागत नाही, हे त्यांनी ओळखलं. स्थानिक मिस्त्रींना शिकवलं आणि भाग त्यांच्याच दुकानांतून विकले जातील अशी साखळी उभी केली. जळकोटलाही रीत हीच ठेवावी. सोलापूरची मागणी मिस्त्रीच्या मागणीत मिसळून एकच पार्सल मागवावं. भाड्याचा वाटा आणि त्याचा नफा देऊन भाग त्याच्याकडूनच घ्यावेत. ज्यांना पैसे देणं परवडतं त्यांची गिऱ्हाइकी त्याच्याकडेच पाठवावी. केंद्राने हात लावावा तो घरात पडून असलेल्या, एरवी कुणीच दुरुस्तीला न आणलेल्या सायकलींना. अशी सायकल चालू झाली की तिचं पुढचं पंक्चर मिस्त्रीच काढणार, म्हणजे गिऱ्हाईक वाढतं. चाकाचा आऊट काढायला बसलेल्या नवशिक्याला तोच चूक दाखवेल. त्या शिकवण्याचे पैसे त्याने घेतले तर ते आनंदाने द्यावेत.

पैशाचं मात्र पहिल्या दिवसापासून स्पष्ट असावं. मजुरी फुकट असली तरी भागाची खरेदी किंमत घ्यावी, ज्याला ती देता येत नाही त्याच्यासाठी देणगीचा वेगळा डबा ठेवावा, आणि व्यापाऱ्याचं बिल ठरलेल्या तारखेला चुकतं करावं. मिस्त्रीच्या नावावर केंद्राचा माल आला असेल तर त्याचे पैसे त्याच्या हातात आठवड्याच्या आत पोचावेत. केंद्राने थकवलेली उधारी त्याच्या नावाला बट्टा लावते आणि पुढच्या वेळी त्याचंच पार्सल अडतं. शाळा जूनमध्ये उघडते. ट्यूब, ब्रेक रबर, तारा आणि छर्रे यांची मागणी मे महिन्यातच द्यावी, कारण जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळ्याच गावांचे मिस्त्री सोलापूरच्या त्याच दुकानांत उभे असतात.