जुन्या गाडीची टिकटिक

आमच्या घरात एकच गाडी आहे आणि ती सोळा वर्षांची आहे. तीन सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी, सेकंड हँड घेतलेली. मुलांची शाळा, अम्मींचा दवाखाना, बाजार आणि वर्षातून चार-पाच वेळा मुंब्र्याहून खेडजवळच्या आमच्या गावी जाणे, हे सारे तिच्यावरच चालते.

गेल्या वर्षी भाचीच्या निकाहला आठ दिवस उरले असताना सकाळी गाडी चालू केली, तर बॉनेटखालून टिकटिक ऐकू आली. शिलाई मशीन भरभर चालवल्यासारखा आवाज. जवळच्या एका गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकने बॉनेट उघडले, दोनदा रेस दिली आणि सांगितले, "टॅपेट नाहीतर आतली बेअरिंग. इंजिन खोलावं लागेल. तीस-पस्तीस हजार धरून चला."

लग्नघरच्या खर्चात एवढी रक्कम कुठून काढायची? मग आम्ही बहुतेक लोक करतात तेच केले. दोन दिवस काचा लावून तशीच गाडी चालवली. आवाज कमी ऐकू आला की दुखणेही कमी झाले असे वाटते.

तिसऱ्या दिवशी अब्बांनी विचारले, "इंजिन खोलायचं तर खोला, पण आवाज नीट ऐकलात का?" अब्बांची नोकरीची सारी वर्षे एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. त्यांनी आम्हाला त्या दिवशी जे शिकवले, ते आमच्यासारख्या जुनी गाडी सांभाळणाऱ्या घरांच्या उपयोगी पडेल म्हणून इथे देत आहोत.

तीन प्रश्न

पहिला प्रश्न: आवाज केव्हा येतो? इंजिन थंड असताना की तापल्यावर, उभ्या गाडीत की चढावर?

दुसरा प्रश्न: आवाज कशाबरोबर बदलतो? गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून हळूच रेस द्यावी. रेसबरोबर आवाज वाढला तर तो इंजिनाचा किंवा इंजिनावर फिरणाऱ्या भागांचा. उभ्या गाडीत आवाज नाही, पण चालू लागल्यावर येतो, तर चाके, ब्रेक किंवा अ‍ॅक्सल तपासावेत. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हलवताना टकटक झाली तर बहुतेक वेळा अ‍ॅक्सलचा जॉइंट गेलेला असतो. तिथे इंजिनाचा काही दोष नसतो.

तिसरा प्रश्न: आवाज कुठून येतो? अब्बा लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला टेकवतात आणि टोक इंजिनाच्या एकेका भागावर ठेवतात. डॉक्टरांच्या नळीसारखा त्याचा उपयोग होतो. पण हे सवय असलेल्यानेच करावे. चालू इंजिनाजवळ ओढणी, सैल बाही, बांगड्या आणि मुले येऊ देऊ नयेत. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो.

कुठला आवाज काय सांगतो

चीं-चीं किंवा किंचाळल्यासारखा आवाज, विशेषतः पावसाळ्यात सकाळी गाडी चालू करताना आला, तर तो बहुधा फॅन बेल्टचा. बेल्ट सैल झाला, घासून गुळगुळीत झाला किंवा भिजला की पुलीवर घसरतो. हे काम स्वस्त असते, पण टाळू नये. अनेक गाड्यांत पाण्याचा पंप याच बेल्टवर फिरतो. तो तुटला तर बॅटरी चार्ज होत नाही आणि इंजिनही तापते.

सलग घरघर येत असेल तर अल्टरनेटरची, पाण्याच्या पंपाची किंवा बेल्टच्या पुलीची बेअरिंग झिजलेली असू शकते. अशा वेळी मेकॅनिक बेल्ट काढून इंजिन काही सेकंद चालवून पाहतो. आवाज थांबला तर इंजिन निर्दोष आहे, दोष बेल्टवर फिरणाऱ्या भागात आहे.

चढावर वरच्या गिअरमध्ये पाय दाबल्यावर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो, त्याला मेकॅनिक नॉकिंग म्हणतात. सिलिंडरमधले पेट्रोल नको त्या क्षणी पेटते तेव्हा असे होते. लगेच खालचा गिअर घ्यावा आणि पाय हलका करावा. पुढे टायमिंग, इंजिनाचे तापमान, आत साचलेला कार्बन आणि पेट्रोलचा दर्जा पाहून घ्यावा.

हलकी, एकसारखी टिकटिक टॅपेटची असू शकते. कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरते, म्हणून ही टिकटिक रेसच्या मानाने थोडी संथ वाटते. ऑइल कमी झाले किंवा फार जुने झाले तरी ती वाढते. म्हणून इंजिन खोलण्याची भाषा करण्याआधी ऑइलची पट्टी पाहावी. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे, पट्टी पुसून पुन्हा घालावी आणि मग बाहेर काढावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असले पाहिजे.

आणि एक आवाज असा की तो ऐकून पुढे जायचेच नाही. खोल, जड ठकठक, जणू आतून कोणी हातोडी मारत आहे. जोर लागल्यावर ती वाढते. ही कनेक्टिंग रॉडची बेअरिंग असू शकते. तिच्याबरोबर ऑइलचा लाल दिवा लागला तर गाडी कडेला घेऊन इंजिन तिथेच बंद करावे. "गॅरेज जवळच आहे" म्हणून चालवलेले दोन किलोमीटर पूर्ण इंजिनाच्या किमतीला पडू शकतात. टोइंगचे पैसे त्यापुढे काहीच नाहीत.

आमची टिकटिक कसली होती?

अब्बांनी रात्रभर गाडी थंड होऊ दिली. सकाळी चालू केली तेव्हा टिकटिक जोरात होती. दहा-पंधरा मिनिटांनी, इंजिन तापल्यावर, ती जवळजवळ नाहीशी झाली. रेस देताच पुन्हा किंचित उमटली. ऑइल बरोबर होते, लाल दिवा नव्हता. अब्बा म्हणाले, "बेअरिंग गेली असती तर तापल्यावर ऑइल पातळ होऊन आवाज वाढला असता. हा तर कमी होतो. म्हणजे कुठंतरी फट आहे, लोखंड तापून फुगलं की ती बुजते."

मग त्यांनी एक प्रश्न विचारला, ज्याचा गाडीशी संबंध आहे असे आम्हाला वाटलेच नव्हते. "तुमच्या अम्मीचं डोकं गाडीत कधीपासून दुखतं?"

अम्मी महिनाभर तक्रार करत होत्या. गाडीत बसले की डोके जड होते, मळमळते. आम्ही म्हणायचो, पित्त असेल, गाडी लागत असेल. पावसामुळे काचा बंद आणि बाहेरची हवा आत घेणारा ब्लोअर चालू.

त्याच दिवशी गाडी दुसऱ्या एका उस्तादांकडे नेली. या वेळी "टॅपेट बघा" असे सांगितले नाही. फक्त पाहिलेले सांगितले: थंड असताना जोरात, तापल्यावर कमी, आणि गाडीत अम्मींना त्रास. मोबाइलवर रेकॉर्ड केलेला आवाजही ऐकवला. उस्तादांनी मॅनिफोल्डवरचा पत्रा काढला. जोडावर काजळीची काळी रेघ होती, एक स्टड तुटला होता आणि पॅकिंग जळले होते. सिलिंडरमधला जळालेला वायू सायलेन्सरकडे जाण्याऐवजी तिथूनच टिकटिक करत बाहेर पडत होता.

नवे पॅकिंग, नवा स्टड आणि मजुरी मिळून दोन हजारांच्या आत काम झाले. पैसे वाचले याचा आनंद झालाच, पण त्या रात्री झोप लागली नाही ती दुसऱ्याच विचाराने. त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही त्याची लक्षणे आणि प्रमाण वाढले तर माणूस बेशुद्ध पडून जीव जातो. बॉनेटखाली गळणारा वायू ब्लोअरच्या वाटेने गाडीत शिरू शकतो. त्याच गाडीत अम्मी आणि दोन मुलांना बसवून, काचा लावून, आम्ही सहा-सात तासांच्या प्रवासाला निघणार होतो.

म्हणून आता आमच्या घरात काही नियम ठरले आहेत. गाडीत एकापेक्षा जास्त लोकांना डोके दुखू लागले, किंवा गाडीतून उतरल्यावर बरे वाटू लागले, तर काचा उघडून गाडी थांबवायची, सर्वांना मोकळ्या हवेत न्यायचे आणि डॉक्टरांना दाखवायचे. दुरुस्तीशिवाय ती गाडी पुन्हा चालवायची नाही. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचे नाही. लांबच्या प्रवासाच्या आदल्या सकाळी थंड इंजिन चालू करून, टेप बंद ठेवून, पाच मिनिटे ऐकायचे. आणि मोठा खर्च सांगितला गेला तर काम करण्याआधी दुसऱ्या जाणकाराचे मत घ्यायचे.

आणखी एक गोष्ट अब्बांनी बजावली. आवाज नाही म्हणजे सारे ठीक, असेही नाही. अनेक जुन्या गाड्यांत टायमिंग बेल्ट रबरी असतो. तो काही न बोलता तुटतो आणि काही इंजिनांत त्यामुळे व्हॉल्व्ह वाकतात. तो गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरला किंवा वर्षांना बदलायचाच.

निकाहच्या दोन दिवस आधी आम्ही निघालो. पनवेल, माणगाव, महाड, पोलादपूर. कशेडीच्या चढावर आम्ही गिअर खाली घेतला आणि सवयीने कान लावला. इंजिन आपल्या नेहमीच्या थरथरत्या आवाजात चढत होते. मागे वळून विचारले, "अम्मी, डोकं कसं आहे?"

अम्मी म्हणाल्या, "डोकं बरं आहे. पण भूक लागली आहे, थांबा कुठंतरी."