'सय' : सई परांजपे यांचे सिंहावलोकन

'सय' म्हणजे आठवण. ज्येष्ठ चित्रपट-दिग्दर्शिका श्रीमती सई परांजपे यांनी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकास हे नाव दिले व त्यास 'माझा कलाप्रवास' अशी जोड दिली. आयुष्याकडे त्यांनी वळून पाहिले ते हातून घडलेल्या कामाच्या अंगाने.

या कामाचा आरंभ फार लवकर झाला. रँग्लर र. पु. परांजपे त्यांचे आजोबा. आई शकुंतलाबाई संततिनियमनाच्या प्रचारकार्यात अग्रेसर. सईंचे 'मुलांचा मेवा' हे पुस्तक त्यांच्या आठव्या वर्षी छापले गेले. पुढे पुणे आकाशवाणी, राष्ट्रीय नाट्य विद्यालय आणि दिल्ली दूरदर्शन. मुलांसाठी लिहिणाऱ्यास उपदेश परवडत नाही. प्रौढांसाठीच्या चित्रपटांतही त्यांनी ही शिस्त सोडली नाही.

'स्पर्श' (१९८०) हे त्याचे उत्तम उदाहरण. दिल्लीतील अंधशाळेत चित्रित झालेल्या या चित्रपटात तेथील विद्यार्थ्यांनीच भूमिका केल्या. नायक शाळेचा प्राचार्य, स्वतः अंध. मदत चालेल, दया नको, हा त्याचा आग्रह. येथवर विषय कोणासही सुचला असता. परंतु हा आग्रहच पुढे त्याच्या प्रेमाआड येतो. समोरची स्त्री आपल्यावर प्रेम करते की उपकार, या शंकेने तो तिला दूर सारतो. अंधांविषयी कळवळा बाळगणाऱ्या दिग्दर्शिकेने अंध नायकाचे दोषही झाकले नाहीत, आणि त्यामुळेच तो आपल्या बरोबरीचा माणूस वाटतो. या चित्रपटास सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा, तर सईंना पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दिव्यांगांसाठीच्या योजना राबविणाऱ्यांनी तो एकदा अवश्य पाहावा.

'चश्मेबद्दूर' (१९८१) आणि 'कथा' (१९८३) हे विनोदी चित्रपट सर्वपरिचित आहेत. 'कथा'चे मूळ 'ससा आणि कासव' या मराठी नाटकात आहे, आणि त्यातील मुंबईची चाळ आजही ओळखीची वाटते.

ग्रामीण वाचकांनी मात्र 'दिशा' (१९९०) शोधून पाहावा. गावात पोट भरेना म्हणून तरुण मुंबईच्या कापड गिरण्यांची वाट धरतात व दाटीवाटीच्या खोलीत पाळीपाळीने झोपतात. मागे राहिलेल्या बाया विड्या वळून संसार रेटतात. आणि गावचा एक वेडा ठरलेला शेतकरी, पाणी लागेल या भरवशावर, वर्षानुवर्षे एकटा विहीर खणत राहतो.