थडीवरची न्याहारी

पिंपरीला खास खायला जायचं म्हटलं की पुण्यातली माणसं आधी हसतात. पिंपरीला जायचं ते कामाला, नाहीतर कॅम्पात लग्नाचा बस्ता बांधायला. मीही इतकी वर्षं तसाच गेलो. या वेळी मात्र रविवारी सकाळी, उपाशी पोटी, मेट्रोने गेलो. मार्च २०२२ मध्ये पिंपरी ते फुगेवाडी एवढीच धावणारी ही गाडी पुढच्या वर्षी सिव्हिल कोर्टापर्यंत आली आणि 'पिंपरी फार लांब' ही सबब संपली. स्टेशनातून बाहेर पडायचं, रुळांच्या पलीकडे जायचं, की आलाच कॅम्प.

इतिहास सगळ्यांना पाठ आहे, म्हणून भरभर सांगतो. १९४७ च्या फाळणीत सिंधमधून उठून आलेल्यांची ही वसाहत. १९५४ मध्ये शेजारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग एमआयडीसी, मग मोटारी आणि स्कूटरी. १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महापालिका. या सगळ्यात सिंधी माणसाने कापड विकलं, भांडी विकली, रेडिओ विकले. सकाळी मात्र तो आपलं खाणंच खात राहिला. ते खाणं म्हणजे दाल-पकवान.

साई चौकाच्या जवळपास एका गाडीपाशी थांबलो. गाडीवाले काका साठीचे, मराठी आपल्यापेक्षा स्वच्छ. मोठ्या पातेल्यात हरभऱ्याची डाळ, बाजूला स्टीलच्या डब्यात पकवानांची चळत. मैदा घट्ट भिजवायचा, मोहन सढळ, जिरं, मिरी. लाटून काट्याने टोचून घ्यायचं आणि मंद आचेवर तळायचं. टोचायचं कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "पुरी फुगली तर कौतुक, पकवान फुगलं तर नुकसान." डाळीबद्दलचा त्यांचा नियमही लिहून घेतला: दाणा डोळ्याला दिसला पाहिजे, दाताला लागता कामा नये. वर चिंचेची चटणी, हिरवी चटणी, बारीक कांदा. मग पकवानावर बोटाने एक टिचकी. कडक आवाज आला की प्लेट आपल्या हातात. आवाज आला नाही तर ते पकवान बाजूला जातं; माझ्यासमोर दोन गेली.

"एवढी पकवानं तुम्ही लाटता?" असं विचारल्यावर ते हसले आणि त्यांनी मागच्या गल्लीकडे बोट केलं.

मी गेलो होतो सिंधी खाणं शोधायला, आणि त्या गल्लीत पकवानं लाटत होत्या लातूरकडच्या एक ताई. नवरा भोसरीत वर्कशॉपला. दहा वर्षांपूर्वी शेजारच्या सिंधी आजींनी (ताई त्यांना 'दादी'च म्हणतात) हाताला धरून शिकवलं. आता गल्लीतल्या पाच बायका मिळून तीन गाड्यांची पकवानं लाटतात, पैसे शेकड्यावर. दादींची सून बँकेत आहे, तिला पीठ मळायला वेळ नाही. तिच्या घरचे पापडही हल्ली ताईच करतात. दादींनी मला बसवलं आणि आधी पापड, मग पाणी पुढे केलं. सिंधी घरातला पाहुणचार असा सुरू होतो. साई भाजीत पालकाबरोबर चुका हवाच, कोकीत कांदा हवाच, होळीला ताटाएवढं गीहर हवंच, असं त्या सांगत राहिल्या. यातलं गाडीवर काय मिळतं, विचारलं तर, "काही नाही. ते घरी खायचं."

खाण्यासाठी माणसं फिरली की गावात पैसा येतो, हे आपल्याला आता पटलंय. हुरड्याच्या सहली निघतात, राज्याचं कृषी पर्यटन धोरणही २०२० मध्ये आलं. भीमथडीच्या धर्तीवर इथली महापालिका बचत गटांच्या बायकांसाठी पवनाथडी जत्रा भरवते, आणि ती चांगली जत्रा आहे. खान्देशी भरितापासून मासवडीपर्यंत अख्खा महाराष्ट्र एका मैदानात जेवतो. ताईंचा गटही तिथे धपाटे आणि शेंगाची चटणी घेऊन जातो. "चार दिवसांत जे विकतं ते इथं महिनाभर लाटून होत नाही," ताई म्हणाल्या. लाटणं थांबलं नव्हतं. "पण जत्रेवर वर्ष निघतं का, दादा?"

मला वाटतं, हिशोब इथेच चुकतो. जत्रेला मांडव आहे, पाण्याची सोय आहे, फलक आहेत. जिथे ही न्याहारी रोज सकाळी विनामांडव चालते, तिथे प्लेट धरून उभं राहायला जागा नाही; मी एका उभ्या स्कूटरच्या सीटवर वाटी ठेवून खाल्लं आणि मालक आल्यावर माफी मागितली. लोणावळ्याला उतरणारा माणूस चिक्की घेतल्याशिवाय परतत नाही. पिंपरीला उतरणाऱ्याला पकवान कुणी सांगतच नाही. चौकातल्या नव्या गाड्यांवर मोमो आणि मंचुरियन. त्यांच्यावर राग नाही, पण ते काय, औंधातही मिळतात.

साडेदहाला परत चौकात आलो तेव्हा पुण्याहून आलेल्या दोन मुली मोबाइल सरसावून गाडीसमोर उभ्या होत्या. काका पातेलं घासत होते.

"संपलं?"

"नऊला यायचं, बेटा. रविवारी साडेनऊच्या पुढं डाळ राहत नाही."

"मग थोडी जास्त करा ना काका."

काकांनी गल्लीकडे पाहिलं. "डाळ करीन हो. पकवानं कोण लाटणार? ताईंना विचारून या."

त्या दोघी खरंच गल्लीत शिरल्या.