विश्लेषण : मुलींच्या फुटबॉल क्लबचा प्रशिक्षक चांगला की नाही, हे पालकांनी कसे ओळखावे?

मुलीला फुटबॉल खेळू द्यायचे की नाही, हा प्रश्न अनेक घरांत आता मागे पडला आहे. त्याची जागा दुसऱ्या प्रश्नाने घेतली आहे : तिला शिकायला पाठवायचे ते कोणाकडे? एक प्रशिक्षक फार ओरडतो, दुसरा ठरावीक मुलींनाच खेळवतो, तिसऱ्याकडे परवाना आहे पण संघ हरतो, चौथ्याकडे परवाना नाही पण संघ जिंकतो. अहिल्यानगर जिल्ह्यात मैदानाच्या कडेला आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर होणाऱ्या अशा चर्चांत प्रशिक्षकाला नेमके कशावर जोखायचे, याचा हा आढावा.

वाद नेमके कशावरून होतात?

ऑक्टोबर २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली आणि तिचा अंतिम सामना नवी मुंबईत खेळला गेला. जुलै २०२५ मध्ये भारतीय महिला संघाने थायलंडला त्यांच्याच देशात २-१ असे हरवून आशिया चषकाची पात्रता मिळवली. मुलींनाही या खेळात पुढे जाता येते, हे पालकांना दिसू लागले. क्लबला शुल्क भरले की त्या बदल्यात काय मिळते, असे विचारणेही ओघाने आले.

तक्रारी साधारण तीन प्रकारच्या असतात. संघ का हरतो, माझ्या मुलीला पूर्ण वेळ का खेळवत नाहीत आणि प्रशिक्षक मुलींशी कसे बोलतात. पहिल्या दोन तक्रारींवर चर्चा तावातावाने होते. तिसरी बहुतेकदा दबक्या आवाजात केली जाते, कारण ‘सरांना कळले तर मुलीला संघाबाहेर बसवतील’ ही भीती असते. मुलीच्या दृष्टीने मात्र सर्वांत महत्त्वाची तीच असते.

निकालाला इतके महत्त्व येण्यामागे व्यावहारिक कारणही आहे. दहावी-बारावीला मिळणारे क्रीडा गुण आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांतील पाच टक्के खेळाडू आरक्षण हे दोन्ही मुलीने कोणत्या स्तरापर्यंत मजल मारली यावर अवलंबून असतात. त्यामुळे एका पराभवाने ‘वर्ष वाया गेले’ असे पालकांना वाटणे समजण्यासारखे आहे.

संघ हरला तर दोष प्रशिक्षकाचा नाही का?

काही वेळा असतो, पण निकाल हा कच्चा निकष आहे. शालेय स्पर्धांची रचना पाहिली की ते कळते. या स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्रीय अशा पायऱ्यांनी जातात. महसुलासाठी नगर जिल्हा नाशिक विभागात असला, तरी क्रीडा खात्याच्या रचनेत तो पुणे विभागात मोडतो. म्हणजे जिल्हा जिंकून पुढे गेलेल्या नगरच्या मुलींची गाठ पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या संघांशी पडते. तिथे क्लब, अकादमी आणि वर्षभर चालणाऱ्या स्पर्धांची परंपरा जुनी आहे. वर्षाकाठी मोजकेच सामने खेळलेला संघ तिथे हरला, तर त्यातून प्रशिक्षकापेक्षा सामन्यांच्या संख्येतला फरकच जास्त दिसतो.

भूगोलही आडवा येतो. १४ तालुक्यांचा हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, म्हणजे १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे. अकोले, जामखेड किंवा कोपरगावच्या मुलीला रोज संध्याकाळी नगर शहरात येऊन सराव करणे शक्य नाही. तिच्यासाठी शाळेतील शारीरिक शिक्षणाचे शिक्षक हेच प्रशिक्षक असतात आणि त्यांना त्याच आठवड्यात कबड्डी, खो-खो आणि मैदानी स्पर्धाही सांभाळायच्या असतात.

दुसरी अडचण वयाची आहे. १२-१३ वर्षांच्या गटात ज्या संघात लवकर वाढ झालेल्या, उंच आणि वेगवान मुली जास्त, तो संघ जिंकतो. लांब चेंडू मारायचा आणि वेगवान मुलीने धावत सुटायचे, एवढ्यावर या वयात करंडक मिळू शकतो. पण दोन-तीन वर्षांत बाकीच्या मुलींची उंची आणि वेग वाढला की ही युक्ती संपते. चेंडू ताब्यात ठेवायला आणि मान वर करून पाहायला शिकलेल्या मुली तेव्हा पुढे जातात.

परवान्याचा अर्थ काय?

भारतात फुटबॉल प्रशिक्षकांसाठी पायऱ्या ठरलेल्या आहेत. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे ई प्रमाणपत्र आणि डी परवाना, त्यानंतर आशियाई महासंघाचे सी, बी, ए आणि सर्वांत वर प्रो परवाना. साधारणपणे एकेक पायरी चढत वर जावे लागते. डी परवान्याचा अभ्यासक्रम जेमतेम आठवडाभराचा असतो. सराव कसा आखावा, वयानुसार काय शिकवावे, याची तोंडओळख त्यात होते.

बीपीएड ही पदवी, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका किंवा तिथलाच सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम या वेगळ्या पात्रता आहेत. बीपीएडमध्ये अनेक खेळ शिकवले जातात, फुटबॉलचे सखोल प्रशिक्षण नव्हे. एखादा माणूस उत्तम खेळाडू होता, ही तर पात्रताच नव्हे. खेळता येणे आणि शिकवता येणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत.

म्हणून परवाना हा किमान निकष मानावा. तो असेल तर प्रशिक्षकाने शिकण्याची तयारी दाखवली आहे, एवढे नक्की. दहा वर्षांच्या मुलीशी कसे बोलायचे, हे त्याला कळते की नाही, ते मात्र मैदानावर पाहूनच ठरवावे लागते.

मुलींच्या प्रशिक्षणात वेगळे काय लागते?

पहिली बाब गुडघ्याची. एकाच खेळात मुलांच्या तुलनेत मुलींना गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचा धोका दोन ते तीन पट असतो. ही दुखापत झाली की अनेक महिने खेळ बंद होतो, शस्त्रक्रियेचा खर्चही येऊ शकतो. यावर ‘फिफा ११+’ नावाचा सुमारे २० मिनिटांचा वॉर्मअप उपलब्ध आहे. त्यात धावणे, तोल सांभाळणे, मांडी आणि पोटाच्या स्नायूंचे व्यायाम, उडी मारून नीट जमिनीवर येणे असे प्रकार आहेत. नॉर्वेतील १२५ क्लबांमधील १३ ते १७ वर्षांच्या सुमारे १,९०० मुलींवर याची चाचणी झाली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एकूण दुखापती साधारण एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने कमी झाल्या. याला ना महागडी साधने लागतात, ना हिरवळीचे मैदान. मैदानाला दोन चकरा मारून थेट सामना सुरू करणारा प्रशिक्षक मुलींच्या गुडघ्यांशी खेळतो आहे, असे म्हणावे लागेल.

दुसरी बाब रक्तक्षयाची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे सरावात लवकर दमणारी मुलगी आळशी नसून तिचे हिमोग्लोबिन कमी असण्याची शक्यता मोठी आहे. तिला जास्तीच्या चकरा मारायला लावणारा प्रशिक्षक आणि घरच्यांना तपासणी करायला सांगणारा प्रशिक्षक यांत फरक आहे. मासिक पाळीच्या दिवसांत मुलीला संकोच न करता सांगता येते का, मैदानाजवळ स्वच्छतागृह आणि कपडे बदलण्याची सोय आहे का, हे प्रश्नही प्रशिक्षणाच्याच दर्जाचे आहेत.

तिसरी बाब वयानुसार खेळाची. लहान मुलींना छोटे मैदान, कमी खेळाडू आणि लहान चेंडू लागतो. साधारण आठ वर्षांपर्यंत तीन नंबरचा, बाराव्या वर्षापर्यंत चार नंबरचा आणि त्यानंतर पाच नंबरचा चेंडू वापरतात. अमेरिकेत २०१५ पासून दहा वर्षे व त्याखालील मुलांना हेडिंग करू दिले जात नाही. नऊ वर्षांच्या मुलींना पूर्ण मैदानावर अकरा-अकरा खेळवले, तर बहुतेक जणींच्या पायाला चेंडू लागतच नाही.

मुली खेळ सोडतात, त्यात प्रशिक्षकाचा वाटा किती?

आठवी-नववीत मुली खेळ सोडतात, तेव्हा कारण म्हणून अभ्यास सांगितला जातो. अभ्यास, शिकवण्या, अंधार पडल्यावर घरी येण्याची काळजी ही कारणे खरीच आहेत. पण प्रशिक्षकाच्या वागण्याचा परिणामही मोजला गेला आहे.

अमेरिकेतील सिएटल येथे वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी शालेय वयातील बेसबॉलपटूंवर केलेला अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. काही प्रशिक्षकांना हंगामापूर्वी काही तासांचेच मार्गदर्शन देण्यात आले. प्रयत्नांचे कौतुक करा, चूक झाली की धीर देऊन दुरुस्ती सांगा, शिक्षा आणि टोमणे टाळा, असा त्याचा गाभा होता. पुढच्या वर्षी या प्रशिक्षकांकडची पाच टक्के मुले खेळातून बाहेर पडली. मार्गदर्शन न मिळालेल्या प्रशिक्षकांकडे हे प्रमाण २६ टक्के होते. विशेष म्हणजे दोन्ही गटांच्या जय-पराजयात फरक नव्हता.

हा अभ्यास मुलांवरचा, वेगळ्या खेळातला आणि वेगळ्या देशातला आहे. तरीही त्यातला निकष नगरमध्येही वापरता येतो : गेल्या वर्षी सरावाला येणाऱ्यांपैकी यंदा किती मुली परत आल्या? करंडकांचे फोटो पाहण्याआधी पालकांनी क्लबला हा आकडा विचारावा.

सुरक्षिततेचे नियम काय आहेत?

जून-जुलै २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींचा भारतीय संघ युरोप दौऱ्यावर असताना गैरवर्तनाच्या आरोपावरून एका सहाय्यक प्रशिक्षकाला आधी निलंबित आणि नंतर बडतर्फ करण्यात आले. राष्ट्रीय संघात असे घडू शकते, तर ‘आमचे सर घरच्यासारखे आहेत’ एवढ्या विश्वासावर भागणार नाही. सर चांगले असले तरी नियम हवेत, कारण नियम त्यांचेही संरक्षण करतात.

त्याच वर्षी जूनमध्ये, सायकलिंगमधील एका तक्रारीनंतर, भारतीय क्रीडा प्राधिकरणाने महिला खेळाडूंच्या पथकासोबत दौऱ्यावर महिला प्रशिक्षक पाठवण्याच्या सूचना क्रीडा महासंघांना दिल्या. तालुक्याहून पुण्याला सामन्यासाठी जाणाऱ्या शाळा-क्लबांनीही हा पायंडा पाळायला हवा. महिला प्रशिक्षक नसेल तर शिक्षिका किंवा एखाद्या खेळाडूची आई सोबत असावी.

कायदाही स्पष्ट आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या कोणालाही ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने ती दडवली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. २०१३ च्या कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यात क्रीडा संस्था, स्टेडियम आणि प्रशिक्षणाची ठिकाणेही येतात. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी मुलींना स्वतःला माहीत असायला हवी.

महिला प्रशिक्षक वाढतील का?

त्याचे उदाहरण मराठी मुलखातच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज तालुक्यातल्या बेकनाळ गावच्या अंजू तुरंबेकर यांनी एएफसी ए परवाना मिळवला आणि अखिल भारतीय महासंघाच्या ग्रासरूट्स विभागाचे प्रमुखपदही सांभाळले. गोव्याच्या मेमॉल रॉकी २०१७ मध्ये भारतीय महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. महाविद्यालयात जाऊन खेळ थांबलेल्या स्थानिक मुलींना ई किंवा डी अभ्यासक्रमाला पाठवण्याचा खर्च क्लब आणि पालकांनी मिळून उचलला, तर दोन-तीन वर्षांत त्याच मैदानावर ‘ताई’ शिकवताना दिसू शकतात. पुरुष प्रशिक्षक कमी दर्जाचे, असा याचा अर्थ नाही. मात्र पाळी, दुखणे किंवा नकोसा स्पर्श याविषयी मुलीला जिच्याशी बोलता येईल अशी एक तरी बाई मैदानावर असणे गरजेचे आहे.

पालकांनी काय पाहावे, काय टाळावे?

प्रवेश घेण्यापूर्वी दोन सराव न सांगता जाऊन पाहावेत. मुली रांगेत उभ्या जास्त असतात की चेंडू त्यांच्या पायाशी जास्त असतो? चुकलेल्या मुलीला प्रशिक्षक काय म्हणतात? वॉर्मअप पूर्ण होतो का? प्रथमोपचार पेटी आहे का? राखीव मुलींना प्रत्येक सामन्यात थोडा तरी वेळ मिळतो का? दौऱ्याचे आणि तक्रारीचे नियम लेखी आहेत का? पालकांना सराव पाहायला मनाई असेल, तर तिथे मुलीला न पाठवणेच बरे.

पालकांकडूनही चुका होतात. सामना चालू असताना कडेने सूचना ओरडल्या की मुलीला एकाच वेळी दोन प्रशिक्षक ऐकावे लागतात. खेळण्याच्या वेळेबद्दलची तक्रार सामन्यानंतर लगेच गटावर टाकण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकाशी समोरासमोर बोललेली बरी. वागणुकीबद्दल किंवा सुरक्षिततेबद्दल शंका आली, तर मात्र एक दिवसही थांबू नये. आणि परतीच्या वाटेवर ‘किती गोल झाले’ याच्या आधी ‘आज मजा आली का’ हे विचारावे. सलग काही आठवडे त्याचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर प्रशिक्षकाची भिंत करंडकांनी भरलेली असली तरी दुसरा क्लब शोधण्याची वेळ झाली, असे समजावे.