फाशांचा आणि कथेचा खेळ

मुले घरी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतात, हा काय प्रकार आहे, असे काही पालक आम्हाला विचारतात. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. चार-पाच मुले, कागद, पेन्सिल आणि चारपासून वीस बाजूंपर्यंतचे फासे एवढे पुरते.

एक जण सूत्रधार होतो. “समोर बंद दार आहे, आतून आवाज येतोय. काय कराल?” बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने उत्तर देतात. काम अवघड असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या कौशल्याचे गुण मिळवायचे. ठरलेला आकडा गाठला की काम फत्ते. कथा मात्र पुढच्या बैठकीत चालूच राहते, कधी वर्षानुवर्षे.

ती टिकवायची तर वार ठरवावा, घडलेले वहीत टिपावे, नियम सर्वांना सारखे लावावेत, आणि अबोल मुलालाही पाळी द्यावी.

१९८०च्या दशकात अमेरिकेत या खेळाने मुले बिघडतात अशी ओरड झाली होती. पालकहो, शंका घेण्यापेक्षा एकदा शेजारी बसून ऐका. नियम इंग्रजीत असले तरी कथा मराठीत सांगता येते. शाळेबाहेर मराठी कमी कानी पडणाऱ्या आपल्या मुलांसाठी हे दोन तास आम्हाला मोलाचे वाटतात.